अल्बर्ट तुस्कानोचा सहावा चेंडू

अल्बर्ट तुस्कानोच्या वहीत वीस वर्षांत एक धाव इकडची तिकडे झाली नव्हती. ही गोष्ट तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे, कारण बोलून दाखवायला बाकीचे होते. शारजाच्या बाहेर, टायरच्या गोदामांमागे वाळूचं एक सपाट मैदान होतं. मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट. दर शुक्रवारी तिथे मजुरांच्या कॅम्पांमधल्या पोरांच्या टीमा खेळायच्या आणि अल्बर्ट एका घडीच्या टेबलापाशी, रंग उडालेल्या छत्रीखाली, चार रंगांची पेनं मांडून बसायचा. भांडण झालं, की दोन्ही कप्तान तावातावाने त्याच्याकडे यायचे. अल्बर्ट चष्मा कपाळावर ढकलून वहीत बोट ठेवायचा आणि आकडा सांगायचा. तिथे विषय खलास. पंचांच्या निर्णयावर लोक आठवडाभर कुरकुरत, अल्बर्टच्या आकड्यावर कोणी चकार शब्द काढत नसे.

माणूस वसईजवळच्या गिरिजचा. शहात्तर साली दुबईला आला तो ड्राफ्ट्समन म्हणून. शहराच्या देरा भागातल्या एका इंग्रजी कन्सल्टंट कंपनीत उंच तिरक्या टेबलावर वाकून त्याने अर्ध्या शहराच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या काढल्या होत्या. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाईने काढलेलं त्याचं अक्षर बघून नवी माणसं विचारत, हे कुठल्या मशीनवर छापलं? अल्बर्टला हा प्रश्न फार आवडायचा. शहाण्णव साली मात्र खरोखरच मशीन आलं. सहा टेबलांपैकी चार एका सकाळी उचलून नेली आणि त्या जागी दोन कॉम्प्युटर आणि दोन पंचविशीतली मुलं बसली. ती मुलं दिवसभर चकार शब्द न काढता टकटक करायची. अल्बर्टचा व्हिसा ऑक्टोबरमध्ये संपत होता. मुलगी अ‍ॅशले ऊद मेथाच्या शाळेत आठवीत, बायको इनेजची एका दवाखान्यात रिसेप्शनवरची अर्ध्या वेळेची नोकरी. व्हिसा वाढला नाही, तर सगळं गुंडाळून गिरिजला. पन्नाशीला आलेल्या हाताने काढलेल्या नकाशांना तिथे तरी कोण विचारणार होतं? अल्बर्ट यावर बोलत नसे. फक्त त्याचा चहा कडक होत चालला होता.

जूनमध्ये कंपनीचे मोठे साहेब मिस्टर पेल यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कापडात गुंडाळलेली एक जाडजूड वही होती. पानं चहाच्या रंगाची झालेली, एक कोपरा ओल लागून काळा पडलेला.

“अल्बर्ट, तू स्कोअरर आहेस ना?”

“शुक्रवारचा, सर.”

साहेबांनी वही उघडली. इंग्लंडात त्यांच्या गावाचा एक छोटा क्लब होता. ही त्या क्लबची १८९३ सालच्या सीझनची स्कोअरबुक, आणि ती लिहिणारा त्यांचा पणजोबा, जोसाया पेल. धंद्याने गाड्यांची लाकडी चाकं बनवणारा. शाई उडत चालली होती, आणखी दहा वर्षांत काही वाचता आलं नसतं. सप्टेंबरात क्लबच्या नव्या पॅव्हेलियनचं उद्घाटन होतं. साहेबांना त्या सीझनची सगळी पानं शाईने, हाताने उतरवून तिथे भिंतीवर लावायची होती.

“हे कॉम्प्युटरवर करून नको आहे मला,” साहेब म्हणाले. “आणि हे नीट झालं, तर हेड ऑफिसला दाखवायला माझ्याकडे काहीतरी असेल. तुझ्या व्हिसाचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, हे तुला माहीत आहे.”

अल्बर्ट वही छातीशी धरून बाहेर आला. त्या दोन टकटक करणाऱ्या मुलांकडे त्याने एकदा पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला शीळ घालावीशी वाटली.

जुलैत इनेज आणि अ‍ॅशले सुट्टीला वसईला गेल्या. बाहेर पारा पंचेचाळीसवर, खिडकीची काचसुद्धा हात लावण्यापलीकडे तापलेली. अल्बर्ट संध्याकाळी घरी येई, आंघोळ करून स्वच्छ बनियन घाली, एसी लावी, जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पसरी आणि इंग्लंडात जाई. तिथे मे महिना चालू असे. चौदा सामने, प्रत्येक शनिवारी दुपारचा एक. पेल म्हाताऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं. पाऊस नाही, गवत करपलं आहे. आज गवतकापणीमुळे दोन गडी कमी, म्हणून पाद्रीसाहेब आणि त्यांचा माळी खेळले. पाद्रीसाहेब शून्यावर बाद, माळी एकोणीस. समोरच्या गावाचा घोडा खांबाचा दोर तोडून मैदानात आला, खेळ दहा मिनिटं बंद. अल्बर्टला हसू आवरेना. चर्चच्या फीस्टला गिरिजच्या मैदानावर सामना असला, की फादर खेळायला उतरायचे आणि फादरना लवकर बाद कसं करायचं, हा गावापुढे पेच असायचा. इथे कोणी पेचात पडलेलं दिसत नव्हतं, पाद्र्याचा त्रिफळा सरळ उडवला होता.

गावचा लोहार रड्ड नावाचा. तोच मुख्य बोलर. पहिल्या चार सामन्यांत एकतीस बळी. अल्बर्टने त्याच्या दंडांची जाडी मनातल्या मनात ठरवून टाकली. पेल म्हाताऱ्याचा मुलगा फ्रँक पहिल्या क्रमांकाला यायचा, चिकटून खेळायचा. जूनअखेर क्लब एकही सामना हरला नव्हता.

पण एक गोष्ट अल्बर्टच्या डोळ्यात पहिल्याच संध्याकाळी खुपली. ओव्हरच्या चौकोनात चेंडू पाचच होते. एका ओळीत पाच ठिपके किंवा आकडे, आणि पुढे मोकळी जागा. त्याला वाटलं, शाई उडाली असेल. भिंग लावून पाहिलं. काही नाही. दुसरी ओव्हर, पाच. तिसरी, पाच. अख्खा सामना पाच. धावांची बेरीज मात्र चोख जुळत होती, बॅट्समनची बाजू आणि बोलरची बाजू तंतोतंत. मग अल्बर्टने वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून निष्कर्ष काढला. धावा जुळतात, म्हणजे राहिलेल्या चेंडूवर धाव निघालेली नसणार. म्हणजे तो कोरा चेंडू. म्हणजे म्हातारा ओव्हरच्या शेवटी, काही घडत नाही असं बघून, डुलकी घेत असणार. ऑस्ट्रेलियात एकेकाळी आठ चेंडूंची ओव्हर असे, हे अल्बर्टला चांगलं ठाऊक होतं. पाचाची असते, हे मात्र त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि जे अल्बर्टने ऐकलं नाही, ते क्रिकेटमध्ये नसणारच, अशी त्याची नम्र समजूत होती.

साहेबांच्या पणजोबाची चूक साहेबांना सांगणं बरं दिसत नव्हतं. अल्बर्टने ती परस्पर सुधारली. प्रत्येक ओव्हरच्या शेवटी त्याने आपल्या बारीक निबाने एक सुबक ठिपका टाकला. सहावा चेंडू. चौकोन भरल्यासारखा दिसू लागला आणि अल्बर्टच्या जिवाला बरं वाटलं.

साहेबांना नाही सांगितलं, पण मैदानावर जिभेला हाड राहिलं नाही. उन्हाळ्यात सामना पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा आणि आठच्या आत संपायचा. गुहागरकडचा दौलत, सळया बांधणारा फोरमन आणि कोकण टीमचा कप्तान, चहाच्या वेळेला टेबलाशी यायचा.

“काय अंकल, तुमचा इंग्लंडवाला काय म्हणतोय?”

“झोपलाय. पाच चेंडू लिहितो आणि घोरतो.”

“क्या बात करते हो! हर ओव्हर?”

“प्रत्येक ओव्हर! शंभर वर्षं कोणाला कळलं नाही. पकडला शेवटी वसईवाल्याने.”

पोरं खो खो हसली. पुढच्या शुक्रवारपासून मैदानावर नवीनच बोली सुरू झाली. कोणाच्या पायांमधून चेंडू गेला, की दौलत ओरडायचा, “पेल झालास काय रे?” कॅम्पच्या बसमध्ये कोणी डुलक्या घेतल्या, की तो पेल. फोरमनची नजर चुकवून सिमेंटच्या गोण्यांआड आडवा झाला, तो पेल. अल्बर्ट ऐकायचा आणि मिशीत हसायचा. खरं सांगायचं, तर त्याला या गमतीची चटक लागली होती. ज्या वर्षी ऑफिसात कोणी त्याला विचारेनासं झालं, त्या वर्षी शंभर वर्षांपूर्वीच्या एका स्कोअररवर त्याने मात केली होती.

ऑगस्टअखेर तो शेवटच्या सामन्यापाशी आला. तेरा सामन्यांत अकरा जिंकलेले, दोन अनिर्णित. लोहार रड्डचे नव्व्याण्णव बळी. अल्बर्ट एव्हाना त्या गावाचा झाला होता. शेवटचा सामना शेजारच्या गावाशी. रड्डने तिसऱ्याच ओव्हरला शंभरावा बळी घेतला, तेव्हा अल्बर्टने रिकाम्या खोलीत टाळी वाजवली. मग आपली बॅटिंग. एकामागून एक जाताहेत, फ्रँक पेल एका बाजूला उभा. सत्तेचाळीसवर फ्रँक बाद झाला, आणि गाव चार धावांनी हरलं. त्या ओव्हरमध्ये मात्र सहा चेंडू लिहिलेले होते, आणि सहाव्यावर फ्रँकचा बळी. “पोरगा खेळतोय म्हटल्यावर जागा राहिला,” अल्बर्ट स्वतःशी म्हणाला आणि निब पुसून ठेवलं. हरल्याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

साहेबांचं विमान गुरुवारी संध्याकाळी होतं. मंगळवारी सगळी ट्रेसिंग एकदा मुळाशी ताडून बघावी, म्हणून अल्बर्ट ऑफिसातल्या खिडकीशी बसला. उजेड तिरपा येत होता. शेवटच्या सामन्याच्या पानावर, फ्रँकच्या बळीच्या बाजूला, घरी दिव्याखाली कधीच न दिसलेली पेन्सिलीची पुसट ओळ त्याला दिसली. त्याने वही कलती केली. अक्षर जोसाया पेलचंच.

“सहा चेंडू. पंचांची चूक. आहे तसं राहू द्यावं.”

अल्बर्टने ती ओळ दोनदा वाचली. सहा चेंडू टाकले, ही चूक? मग बरोबर किती?

आणि मग ते लख्ख कळलं. झोपणारा माणूस कधी चार लिहील, कधी तीन, कधी दोन ओव्हर्स गाळून टाकील. नऊशे ओव्हर्समध्ये नेमका एकच चेंडू, नेमका शेवटचाच, गाळणारी झोप कोणाला लागते? पूर्ण सीझनमध्ये ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर एक धाव नाही, एक बळी नाही, हे कसं होईल? हे त्याला, आकड्यांवर जगणाऱ्या माणसाला, दोन महिने दिसलं नव्हतं. ओव्हर पाचाचीच होती. दुपारी त्याने ओळखीच्या एका म्हाताऱ्या इंग्रज पंचाला फोन केला. तो पलीकडून सहज म्हणाला, हो, त्या काळात आमच्याकडे पाचाचीच असे, विसाव्या शतकाच्या तोंडावर सहाची झाली.

अल्बर्टने फोन ठेवला. समोर अठ्ठावीस ट्रेसिंग, आणि त्यांवर त्याच्या सुबक हाताने मारलेले नऊशे तेरा खोटे चेंडू.

संध्याकाळी त्याने वसईला फोन लावला. आधी अ‍ॅशले आली. “हाय डॅड, मम्मा इज कमिंग,” एवढं बोलून पळाली. मग इनेज. तिने सगळं ऐकून घेतलं.

“धावा बदलल्यात का?”

“नाही.”

“मग कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच नाही.”

“व्हिसाचे कागद झाले?”

“अजून सही नाही.”

इनेज व्यवहारी बाई होती, पण नवऱ्याला ती ओळखून होती. “तुम्ही जेवलात का?” तिने विचारलं.

“त्याचा स्वतःचा मुलगा गेला त्या चेंडूवर, इनेज. जो चेंडू टाकायलाच नको होता. पेन त्याच्या हातात होतं. सीझनभर न हरलेलं गाव हरलं, तरी त्याने जसं झालं तसं लिहिलं. आणि त्याला मी मैदानभर झोपाळू करून ठेवलाय.”

“जेवून घ्या,” इनेज म्हणाली. “आणि सकाळी साहेबांना भेटा.”

बुधवारी सकाळी अल्बर्ट केबिनमध्ये उभा राहिला. टेबलावर डाव्या हाताला व्हिसाची फाइल दिसत होती. त्याने सगळं सांगितलं. आपण चूक सुधारतोय असं वाटलं, आपणच चुकलो, एका जागी नव्हे, सगळीकडे.

मिस्टर पेलनी चष्मा काढला. “धावा तशाच आहेत?”

“हो, सर.”

“बळी?”

“तसेच.”

“मग राहू दे. उद्या मी निघतोय. भिंतीवरचे ठिपके कोण मोजणार आहे?”

“त्यांनी मोजले होते, सर,” अल्बर्ट म्हणाला.

अल्बर्टने पेन्सिलीची ती ओळ त्यांना दाखवली. साहेबांनीही ती आजवर पाहिली नव्हती. ते खिडकीशी वही धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“उद्या दोन वाजेपर्यंत.”

ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही. अर्धं ब्लेड घ्यायचं, चिमटीत जवळजवळ आडवं धरायचं आणि वरवर खरवडायचं. जोर लागला, तर कागद फाटतो. मग नखाने घासून तो भाग गुळगुळीत करायचा. ड्राफ्ट्समनच्या पहिल्या वर्षी शिकवतात ती विद्या, आणि एकदा हात बसला, की तिची गरज पडू नये, असं म्हणतात. अल्बर्टला वीस वर्षांत ती क्वचितच लागली होती. बुधवारी दिवसभर तो खरवडत बसला. कॉम्प्युटरवरचा एक मुलगा मागे येऊन उभा राहिला.

“अंकल, एवढं का करता? आमच्यात एक बटण दाबलं, की चूक गेली. दिसतसुद्धा नाही.”

“माहितीय,” अल्बर्ट म्हणाला. चेष्टेत नव्हे, खरंच म्हणाला.

प्रत्येक ठिपक्याबरोबर तो सामना पुन्हा डोळ्यांसमोरून जात होता. गवतकापणी, पाद्रीसाहेब, दोर तोडून आलेला घोडा. दोन महिने तो या माणसावर हसत होता. आता मनातल्या मनात प्रत्येक ओव्हरच्या शेवटी त्याची माफी मागत होता, आणि नऊशे तेरा माफ्या म्हणजे फार होतात, हे त्याच्या बोटांना संध्याकाळपर्यंत कळलं. गुरुवारी सकाळी शेवटचं पान आलं. फ्रँक बाद झालेल्या ओव्हरपाशी सवयीने ब्लेड पुढे गेलं, आणि हात थांबला. तो एकच सहावा चेंडू खरा होता. त्याला त्याने हात लावला नाही.

मग शेवटच्या पानाच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याने पेल म्हाताऱ्याची पेन्सिलीची ओळ उतरवली आणि तिच्याखाली आपल्या छापील वाटणाऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहिली. प्रत्येक ओव्हरला एक चेंडू जास्त टाकला होता, काढून टाकला. नक्कल करणाऱ्याची चूक. ए. तुस्कानो, दुबई.

दोन वाजता साहेबांनी एकेक पान उजेडात धरून पाहिलं. सरळ पाहिलं तर काही कळत नव्हतं. उजेडात धरलं, की प्रत्येक ओव्हरच्या शेवटी एक पुसट खरखरीत डाग दिसायचा. शेवटच्या पानाशी ते थांबले.

“अल्बर्ट, आता सगळं बरोबर झालंय. ही तुझी ओळ कशाला? हीही खरवडून टाक, पाच मिनिटं आहेत.”

“नको, सर,” अल्बर्ट म्हणाला. “आहे तसं राहू द्या.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पानं गोल गुंडाळून नळीत घातली आणि फाइल पुढे ओढली. सही दोन वर्षांची झाली. सोबत एक अट होती, अल्बर्टने कॉम्प्युटर शिकावा. पुढे तो शिकलाही, पण माउस त्याने कायम निबासारखा चिमटीत धरला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पहाटेचा गारवा वाळूतून अजून गेला नव्हता. दौलतची टीम फील्डिंगला, पहिलीच ओव्हर, आणि तिसरा चेंडू नीलेशच्या पायांमधून आरपार सीमेकडे.

“ए नीलेश!” दौलत ओरडला. “सकाळी सकाळी पेल झालास काय?”

सगळं मैदान हसलं. अल्बर्टने चार धावा लिहिल्या, पेनाला टोपण घातलं आणि तो उठून उभा राहिला. त्याने हात वर केला. वीस वर्षांत स्कोअररने सामना थांबवल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पंच गोंधळून बघू लागले. अल्बर्ट छत्रीखालून बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“तो माणूस झोपला नव्हता. त्या काळी ओव्हर पाच चेंडूंचीच असायची. त्याने एकही चेंडू गाळला नाही. झोपलो होतो तो मी. आजपासून त्याच्या नावाने कोणी हसायचं नाही. हसायचं असेल तर माझं नाव घ्या.”

कोणी हसलं नाही. दौलत चालत टेबलाजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “अंकल, एवढं काय मनाला लावून घेता? तो तर कधीच मरून गेला. त्याला काय ऐकू येणार आहे?”

“म्हणूनच तर मला उठावं लागलं,” अल्बर्ट म्हणाला.

तो परत जाऊन बसला, टोपण काढलं. पंचांनी लांबून बोटं दाखवत विचारलं, किती चेंडू झाले? अल्बर्टने वहीत पाहिलं आणि तीन बोटं वर केली.